रोकफोर: शंभर वर्षे राखलेले नाव

26 जुलै 1925 रोजी फ्रान्समध्ये एका चीजच्या नावासाठी स्वतंत्र कायदा झाला. चीजचे नाव रोकफोर. ते ज्या गावावरून पडले त्या रोकफोर-सुर-सूलझों गावाची आजची वस्ती पाच-सहाशे. आपल्याकडे एवढ्या वस्तीला वाडी म्हणतील. 2025 मध्ये त्या कायद्याची शताब्दी झाली. आपल्या दूध संघाच्या स्मरणिकेत संघाच्या इतिहासाशेजारी हे नाव राखणाऱ्या परमुलखातल्या संस्थेचा इतिहासही छापावा, असा हट्ट मी संपादक मंडळापुढे धरला. कारण गेल्या शंभर वर्षांत तिथे ज्या गोष्टींवरून वाद झाले, त्याच गोष्टींवरून आपल्या संकलन केंद्रावर रोज सकाळी बोलणे निघते: दूध घालणाऱ्याच्या हाती काय पडते, आणि त्या दुधाच्या मालावर नाव कोणाचे लागते.

आधी गाव कसे आहे ते सांगतो, कारण तिथली जमीन समजल्याशिवाय संस्था समजत नाही.

फ्रान्सच्या दक्षिण भागात, आव्हेरों जिल्ह्यात, चुनखडीची उंच पठारे आहेत. तिथे त्यांना ‘कोस’ म्हणतात. लार्झाक हे त्यांतले सर्वांत मोठे पठार. पाऊस पडतो, पण चुनखडी तो पिऊन टाकते. माळावर ओढा नाही, तळे नाही. पाणी फुटते ते खालच्या दऱ्यांत. म्हणून मेंढपाळांनी माळावरच्या खोलगट जागा हेरून, त्यांत चिकणमाती ठोकून, वर दगडी फरशी बसवून पाणवठे बांधले. असा पाणवठा म्हणजे ‘लाव्होन्य’. तो विहिरीसारखा खोल नसतो, परातीसारखा पसरट असतो. कडेपासून मध्यापर्यंत उतार इतका सावकाश की सगळा कळप भोवताली उभा राहून एकदम पाणी पिऊ शकतो. फरशी अशासाठी की खुरांनी तळाची माती उकरली जाऊन पाणी जिरू नये. ज्याने पहिला लाव्होन्य बांधला त्याला जमीन आणि जनावर दोन्ही नीट कळत होते. या माळावर गहू जेमतेम येतो, द्राक्षवेल धरत नाही. मेंढी मात्र जगते, आणि चांगली जगते. 12व्या शतकात टेम्पलर या लढवय्या धर्मसंघाने लार्झाकवर ठाणी बसवली तेव्हापासून, किंबहुना त्याच्याही आधीपासून, हा मेंढ्यांचा मुलूख आहे.

लार्झाकच्या कडेला सूलझों नावाची लहानशी नदी वाहते आणि तिच्या वर कोंबालूचा कडा उभा आहे. फार पूर्वी या कड्याखालचा मऊ चिकणमातीचा थर सरकला आणि त्यावरचा चुनखडीचा खडक उत्तरेच्या अंगाने कोसळला. सुमारे 2 किलोमीटर लांब आणि 300 मीटर रुंद असा त्या दगडांचा ढिगारा पडला, आणि रोकफोर गाव त्याच ढिगाऱ्यावर वसले. एकावर एक पडलेल्या प्रचंड शिळांमध्ये पोकळ्या राहिल्या, त्या गुहा. आणि गुहांना बाहेरच्या हवेशी जोडणाऱ्या अरुंद भेगा राहिल्या, त्या ‘फ्लरीन’. या भेगांतून हवा आत-बाहेर खेळत राहते. ओल्या दगडांवरून जाताना ती गार आणि दमट होते. बाहेर उन्हाळा असो की बर्फ, गुहेत 8 ते 12 अंश तापमान आणि 95 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता. रस्त्यावरून पाहावे तर दोन-तीन मजल्यांचे घर दिसते, पण त्याच घराचे कित्येक मजले जमिनीखाली असतात. फ्लरीनच्या तोंडाशी झडप असते. ती कधी उघडायची, किती उघडायची आणि कधी लावायची, हे तळघराचा मुख्य कारागीर ठरवतो. माझ्या मते गावातले सर्वांत जोखमीचे काम हेच.

या गुहांतच ती बुरशी राहते. 1906 मध्ये चार्ल्स थॉम या अमेरिकी शास्त्रज्ञाने तिला गावाचेच नाव दिले: पेनिसिलियम रोकफोर्टी. ती वाढवायची जुनी रीत पावावरची. गहू आणि राय यांच्या पिठाचा मोठा पाव भट्टीत वरून जवळजवळ करपेपर्यंत भाजतात, पण आत तो ओलसर ठेवतात. त्यात बुरशीचे बीज घालून गुहेत ठेवला की काही आठवड्यांत आतला सगळा मगज निळा-हिरवा होऊन जातो. मग तो पाव फोडायचा, मगज वाळवायचा, दळायचा. ही भुकटी म्हणजे रोकफोरचे विरजण, असे म्हटले तर आपल्या लोकांना चटकन कळेल. आता बहुतेक ठिकाणी बुरशी प्रयोगशाळेत वाढवतात. पण जुन्या घराण्यांची बुरशी आपापली असते, आणि ती मुळात याच गुहांतली असावी लागते.

दूध मेंढीचे, कच्चे, मलई न काढलेले. चिमूटभर भुकटी घालून ते विरजायचे, रेनेट लावून घट्ट करायचे, दही कापून साच्यांत भरायचे. लादी बाहेर निघाली की तिला सगळीकडून कोरडे मीठ चोळायचे. मग सुयांच्या फण्याने तिला आरपार टोचायचे. या छिद्रांतून आत हवा जाते आणि त्या हवेवर बुरशी वाढते; लादी कापल्यावर दिसणाऱ्या निळ्या शिरा म्हणजे तिच्या वाटा. टोचलेली लादी ओकच्या लाकडी फळ्यांवर काठावर उभी ठेवतात, शेजारच्या लादीला टेकू न देता. निदान 14 दिवस ती फ्लरीनच्या वाऱ्यात उघडी राहते. नंतर कथलाच्या वर्खात गुंडाळून थंडीत सावकाश मुरते. दुधापासून विक्रीपर्यंत कमीत कमी 90 दिवस. अडीच-तीन किलोच्या एका लादीला साधारण 12 लिटर दूध जाते.

या मालाला नाव फार लवकर लाभले. 11व्या शतकात कोंकच्या मठाला मिळालेल्या दानांच्या नोंदींत रोकफोरच्या गुहेतल्या चीजचा उल्लेख येतो. 1411 मध्ये राजा सहावा शार्ल याने या गुहांत चीज मुरवण्याचा एकाधिकार रोकफोरच्या रहिवाशांना दिला. नाव झाले की नकला निघतात, तशा निघाल्या. 1666 मध्ये तुलूजच्या वरिष्ठ न्यायालयाने नकली माल विकणाऱ्यांना दंडाची तंबी दिली. गावात मेंढी कशी आणि केव्हा आली, पहिले चीज कोणी केले, याच्या दंतकथा आहेत. गुहेत भाकरी-चीज विसरून एका मुलीच्या मागे गेलेल्या मेंढपाळाची कथा फ्रान्सभर सांगतात. मला मात्र त्या कथेपेक्षा 1666 चा निकाल जास्त मोलाचा वाटतो. कारण त्या निकालाने गावाला पहिल्यांदा ठामपणे सांगितले की तुमची खरी मिळकत गुहेत नाही, नावात आहे.

19व्या शतकाच्या मध्यापर्यंत शेतकरी घरीच चीज करत आणि कच्च्या लाद्या गुहावाल्यांना विकत. 1870च्या दशकात खालच्या तूर्नमीरला रेल्वे आली आणि माल पॅरिसला, तिथून पुढे समुद्रापार जाऊ लागला. मागणी वाढली तशी गुहावाल्या पेढ्यांनी खेडोपाडी स्वतःच्या दूधशाळा उघडल्या. शेतकऱ्याची सोय झाली, बायाबापड्यांचे रात्रंदिवसाचे काम कमी झाले, आणि त्याच दिवशी शेतकऱ्याच्या हातून चीजही गेले. काल तो लादी विकत होता, भाव पटला नाही तर दुसऱ्या पेढीकडे जात होता. आता तो दूध घालू लागला, आणि दूध तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही. आपल्यापैकी ज्यांनी संघ निघण्याआधीचे गवळी आणि व्यापारी पाहिले आहेत त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

गुहांतले काम बायकांचे होते. त्यांना ‘काबानियेर’ म्हणत. आसपासच्या खेड्यांतून हंगामापुरत्या त्या येत आणि पेढ्यांनी बांधलेल्या निजायच्या खोल्यांत राहत. पायात लाकडी खडावांसारखे जोडे, अंगावर लोकरी शाल, हातात सुरी. लाद्यांवर चिकट थर धरतो तो खरवडायचा, लादी फिरवून पुन्हा उभी करायची, पुढची घ्यायची. हंगामभर दहा अंशांच्या ओल्या थंडीत. 1907 मध्ये या बायकांनी संप केला. रोकफोरच्या जाहिरातींत राजांची आणि मठांची नावे हौसेने छापलेली दिसतात. या बायकांनाही तिथे तेवढीच जागा मिळायला हवी, असे मला मनापासून वाटते. ज्या लादीला राजे नावाजत होते, तिच्यावरचा हात त्यांचा होता.

6 मे 1919 च्या कायद्याने मालाच्या मूळ स्थानाच्या नावाला न्यायालयात संरक्षण मागण्याचा मार्ग फ्रान्समध्ये खुला झाला. पण दारूवाल्यांचे प्रश्न वेगळे आणि चीजवाल्यांचे वेगळे. मेंढीच्या दुधात शेळीचे, कधी गायीचेही दूध मिसळून केलेला माल रोकफोर म्हणून खपत होता, आणि रोकफोरची प्रत्येक नकल एकेका दाव्यातून निस्तरत बसणे परवडणारे नव्हते. म्हणून 1925 चा स्वतंत्र कायदा. निव्वळ मेंढीचे दूध, जुनी स्थिर पद्धत, आणि मुरवणे रोकफोरमध्येच: या अटी पुऱ्या झाल्या तरच ते नाव. स्थानाच्या नावाचे संरक्षण मिळालेले हे फ्रान्समधले पहिले चीज. फ्रान्सने अशा नावांसाठी राष्ट्रीय संस्था उभारली ती 1935 मध्ये, म्हणजे यानंतर दहा वर्षांनी. 1951 मध्ये स्ट्रेसा येथे झालेल्या चीजविषयक करारात इतर देशांनीही हे नाव मानले. 1961 मध्ये शेजारच्या मीयो शहराच्या न्यायालयाने गुहांचा प्रश्न कायमचा मिटवला: कृती गावाबाहेरही करता येईल, पण रोकफोर हे नाव कोंबालूच्या गुहांत मुरलेल्या चीजलाच. 1996 मध्ये युरोपीय संघाचा शिक्का लागला. भौगोलिक मानांकनाचा आपला भारतीय कायदा 1999 चा. तो लागू झाला 2003 मध्ये. कोल्हापूरच्या गुळाला आणि चपलेला मिळालेले मानांकन ज्या विचाराचे फळ आहे, त्या विचाराच्या पहिल्या प्रयोगांपैकी एक या पाच-सहाशे माणसांच्या गावात झाला.

आता प्रत्यक्ष संस्था. कायदा झाला, पण कायदा भाव ठरवत नाही. 1930 मध्ये मेंढीचे दूध काढणारे शेतकरी आणि गुहांचे मालक यांचा मिळून महासंघ स्थापन झाला. त्याचे कार्यालय रोकफोरात नाही, मीयोला आहे. त्याची रचना मला सर्वांत लक्षवेधी वाटते. एका बाजूला दूध उत्पादक, दुसऱ्या बाजूला कारखानदार. दोघांना समान प्रतिनिधित्व. एकमेकांशिवाय कोणाचेच चालत नाही, हे दोघांनीही मान्य करून मांडलेला हा संसार आहे. दुधाचा भाव वाटाघाटीने ठरतो. लादीवर तांबड्या मेंढीचे चित्र असलेली महासंघाची मुद्रा लागते. ही मुद्रा कोणा एका कंपनीची नाही, सगळ्यांची आहे. आज सात कंपन्या रोकफोर करतात. एक फार मोठी, जगातल्या एका बलाढ्य दूध उद्योगसमूहाच्या मालकीची. बाकीच्यांत तीन-तीन पिढ्यांची लहान घराणी. तांबडी मेंढी मोठीच्याही लादीवर, लहानाच्याही लादीवर, आणि ती सारखीच.

या महासंघात भांडणे झाली नाहीत असे नाही. भाव, दुधाची प्रत, कोणाचे किती दूध घ्यायचे, सगळ्यांवरून झाली. एका काळी इथले दूध पुरत नसे, तेव्हा रोकफोरच्या पेढ्या भूमध्य समुद्रातल्या कॉर्सिका बेटावर आणि पिरेनीज पर्वतात दूधशाळा चालवत आणि तिथल्या कच्च्या लाद्या मुरवायला गुहांत आणत. पुढे लाकोन या स्थानिक जातीच्या मेंढीवर संशोधन आणि निवड पैदास सुरू झाली. 1960च्या सुमारास ही मेंढी एका वेताला शंभर लिटरही दूध देत नव्हती. आता तीनशेच्या आसपास देते. कॉर्सिकाच्या दुधाची गरज संपली. पण त्याबरोबर उलट अडचण उभी राहिली: दूध जास्त झाले. 1980च्या दशकात महासंघाला प्रत्येक शेतकऱ्याचा दुधाचा वाटा ठरवून द्यावा लागला. वाट्याबाहेरचे दूध इतर चीजसाठी, कमी भावाने. जास्त दूध म्हणजे जास्त उत्पन्न, हे गणित एका मर्यादेपुढे चालत नाही, हे तिथल्या शेतकऱ्यांनी हिशेबाच्या वहीत पाहिले.

रोकफोरचे दूध आव्हेरोंसह आसपासच्या सहा जिल्ह्यांतून येते. नियम बारकाईचे आहेत. मेंढी लाकोनच हवी. चरायचा हंगाम असेल तेव्हा तिला रोज माळावर सोडलेच पाहिजे. चाऱ्याचा निदान तीन-चतुर्थांश भाग याच प्रदेशातला असावा. व्याल्यानंतर पहिले 20 दिवस दूध कोकराचे, ते चीजला घ्यायचे नाही. त्या कोकरांची पुढची गोष्टही या अर्थकारणाचा भाग आहे. आईचे दूध चीजला हवे म्हणून बरीच कोकरे लहानपणीच कसायाकडे जातात. त्यांची मऊ कातडी शेजारच्या मीयोला जात असत, आणि त्यांच्यावर तिथला हातमोज्यांचा धंदा मोठा झाला. पॅरिसच्या मडमांच्या हातातला मऊ मोजा आणि त्यांच्या ताटातले निळे चीज, दोन्ही एकाच कळपातून येत.

लार्झाकच्या लढ्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण त्याचा एक धागा थेट आपल्या वर्ध्यापर्यंत येतो.

लार्झाकवर लष्कराची छावणी पूर्वीपासून होती, सुमारे 3,000 हेक्टरांची. ऑक्टोबर 1971 मध्ये संरक्षणमंत्री मिशेल दब्रे यांनी ती 17,000 हेक्टरांपर्यंत वाढवायचे जाहीर केले. म्हणजे ज्या कुरणांवर रोकफोरच्या मेंढ्या चरत त्यांतली कितीतरी तोफांच्या सरावाखाली जाणार होती. मार्च 1972 मध्ये ला काव्हालरी या गावात एक सत्तर वर्षांचा इटालियन माणूस येऊन पंधरा दिवस उपोषणाला बसला. त्याचे नाव लांझा देल व्हास्तो. 1937 मध्ये तो वर्ध्याला गांधीजींजवळ राहिला होता. गांधीजींनीच त्याचे नाव शांतिदास ठेवले. पुढे फ्रान्सला परतून त्याने आश्रमाच्या धर्तीवर वसाहती उभ्या केल्या होत्या. त्याच्याबरोबर आळीपाळीने शेतकरीही उपाशी राहिले. त्यांत कॅथलिक होते, डावे होते, राजकारणाशी कधी संबंध न आलेले साधे मेंढपाळही होते. उपोषण चालू असतानाच, 28 मार्च 1972 रोजी, जमीन जाणार होती त्या शेतकऱ्यांपैकी 103 जणांनी शपथपत्रावर सह्या केल्या: जमीन विकायची नाही.

नऊ वर्षे ते त्या सहीला जागले. ऑक्टोबर 1972 मध्ये त्यांनी 60 मेंढ्या पॅरिसला नेऊन आयफेल टॉवरखाली चारल्या. परवानगी नसताना ला ब्लाकियेर येथे हजारो स्वयंसेवकांच्या हातांनी दगडी मेंढवाडा बांधला. 1978 मध्ये ते पॅरिसपर्यंत चालत गेले. दगड हाती घेतला तो भिंत रचायला, कोणावर फेकायला नाही. सेवाग्रामच्या कुटीत ज्या मार्गाचा उच्चार झाला, तो या माळावरच्या माणसांना आपला वाटला. जून 1981 मध्ये, निवडून येताच, राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा मितरां यांनी छावणीचा विस्तार रद्द केला. सरकारने लढ्याच्या काळात विकत घेतलेली सुमारे 6,300 हेक्टर जमीन 1985 मध्ये शेतकऱ्यांच्या एका सामूहिक संस्थेला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळाली. ती जमीन विकता येत नाही, वारशाने जात नाही. जो कसतो त्याच्याकडे राहते, तो थांबला की दुसऱ्याला मिळते. भूदानाच्या आपल्या प्रदेशातून पाहताना मला या करारापुढे नतमस्तक व्हावेसे वाटते.

त्या लढ्यातून पुढे आलेल्यांपैकी एक जोझे बोव्हे. युरोपने अमेरिकेचे संप्रेरके वापरलेले गोमांस घ्यायचे नाकारले, तेव्हा अमेरिकेने ज्या युरोपीय मालांवर शंभर टक्के आयातशुल्क बसवले त्यांत रोकफोर होते. भांडण गोमांसाचे, दंड मेंढीवाल्यांना. 12 ऑगस्ट 1999 रोजी बोव्हे आणि त्यांच्या सोबत्यांनी मीयो येथे उभे राहत असलेले मॅकडोनाल्ड्सचे उपाहारगृह मोडून काढले, आणि रोकफोरचे नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर गेले. बोव्हेंना तुरुंगवास झाला. जानेवारी 2009 मध्ये अमेरिकेने ते शुल्क तीनशे टक्के करायचे ठरवले. मे महिन्यात समेट झाला आणि वाढ टळली.

आजचे चित्र तेवढे उजळ नाही आणि ते लपवण्यात अर्थ नाही. एके काळी हजारावर असलेली गावची वस्ती निम्म्यावर आली आहे. फ्रान्समध्ये रोकफोर खाणारा माणूस वयस्कर होत चालला आहे. तरुणांना तो उग्र वास नको, त्यांना सौम्य चीज आवडते. उत्पादन घटले आहे आणि मेंढवाडे कमी झाले आहेत. तरी अजून हजाराहून अधिक शेतकरी महासंघासाठी दूध काढतात. 2011 मध्ये युनेस्कोने कोस आणि सेव्हेन या प्रदेशाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, ती कोणत्याही किल्ल्यासाठी नव्हे, मेंढपाळीने घडवलेल्या भूमीसाठी. 2004 पासून मीयोजवळ टार्न नदीच्या दरीवर उभ्या असलेल्या उंच पुलावरून गाड्या सुसाट जातात, आणि त्यांतले काही प्रवासी वळून रोकफोरच्या गुहा पाहायला येतात. पर्यटन हे आता गावाचे दुसरे उत्पन्न आहे.

2024 च्या उन्हाळ्यात नीलजिव्हा रोगाने, ज्याला आपले पशुवैद्य ब्लू टंग म्हणतात, आव्हेरोंच्या कळपांत मोठी हानी केली. चावऱ्या माश्यांनी पसरणारा हा रोग. जीभ आणि ओठ सुजतात, मेंढी चरत नाही, ताप चढतो, पोटातली कोकरे पडतात. रोकफोरच्या दुधाचा हंगाम साधारण डिसेंबरपासून जुलैपर्यंत. उन्हाळ्यात मेंढी आटलेली असते आणि याच दिवसांत पुढचे वेत धरते, म्हणजे हा घाव थेट येणाऱ्या हंगामावर बसला. त्या हिवाळ्यात अनेक मेंढवाड्यांत नेहमीपेक्षा कमी कोकरे जन्मली. तरीही वीस दिवस कोकरांना पाजून झाल्यावर शेतकऱ्यांनी उरलेल्या मेंढ्या पिळायला घेतल्या, माळावरच्या लहान रस्त्यांनी दुधाचे टँकर पुन्हा फिरू लागले, आणि कोंबालूच्या पोटात नव्या लाद्या फ्लरीनच्या झडपांपुढे ओकच्या फळ्यांवर उभ्या राहिल्या.